मेलबॉक्सचा खांब कुठे रोवायचा, आणि त्याच्याखाली काय आहे?

घर-अंगण : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळची बहुतेक पत्रं घरासमोरच्या त्या अरुंद पट्टीबद्दल आहेत : रस्त्याची कड संपते आणि आपलं लॉन सुरू होतं, त्या मधल्या जागेबद्दल. अमेरिकेत मेलबॉक्स तिथेच उभा असतो आणि गॅस, वीज, पाणी, इंटरनेटही त्याच पट्टीतून घरात शिरतं. इथे तीन वेगवेगळ्या ठिकाणचे नियम एकमेकांत गुंततात. पेटीचे नियम टपालखात्याचे, देशभर एकच. खोदकामाचे नियम राज्याचे. आणि रस्त्याच्या कडेला काय उभं करता येईल, हे टाउनशिप, काउंटी किंवा राज्याचं महामार्ग खातं ठरवतं. सोसायटीचे, म्हणजे एचओएचे, नियम त्यावर आणखी. कोणता नियम कुणाचा, ते उत्तरांत सांगत गेलो आहोत. अडलं तर कुणाचं दार ठोठवायचं हे त्यावरून कळेल.

प्रश्न : हिवाळ्यात बर्फ सारणाऱ्या ट्रकने आमच्या मेलबॉक्सचा खांब बुडापासून मोडला. नवा खांब त्याच जागी लावायचा आहे. खड्डा जुनाच, जेमतेम दोन फूट खोल. एवढ्यासाठीही ८११ ला फोन करायचा का? (न्यू जर्सी)

हो, करायचा. ८११ म्हणजे खणण्याआधी कळवायचा फोन क्रमांक; कळवलं की गॅस, वीज, पाण्याच्या कंपन्या जमिनीखालच्या आपापल्या लाइनींवर रंगाने खुणा करून देतात. जुना खड्डा आहे म्हणून जागा निर्धोक ठरत नाही. तो खांब रोवल्यानंतरच्या वर्षांत त्या पट्टीत नवी फायबर केबल आली असेल, तर ती बहुधा जमीन न उघडता, आडवं भोक पाडत नेलेली असते. वरचं गवत जसंच्या तसं राहतं आणि खाली काय आलं ते कळत नाही. शिवाय तुम्हाला मोडलेला बुंधाही उपटायचा आहे. त्याच्याभोवती काँक्रीटचा गोळा असला तर खड्डा आपोआप दुप्पट रुंद होतो, आणि गोळ्याला चिकटून गेलेली एखादी वायर त्याच्यासोबत ओढली जाते.

थोडा हिशेब करून पाहा. टपालखात्याच्या नियमाप्रमाणे पेटीचं दार कर्बच्या (रस्त्याकडेच्या उंच काठाच्या) पुढच्या कडेपासून ६ ते ८ इंच आत हवं. पेटी साधारण २० इंच लांब आणि खांब तिच्या मध्याखाली धरला, तर खांबाचा मध्य कर्बपासून १६ ते १८ इंचांवर येतो. खड्डा २४ इंच खोल. आता खाली काय असू शकतं? घराकडे येणाऱ्या गॅसच्या पाइपवर केंद्रीय नियमानुसार खासगी जागेत किमान १२ इंच आणि रस्त्याखाली किमान १८ इंच माती हवी. म्हणजे नियमात बसलेला पाइपसुद्धा तुमच्या खड्ड्याच्या तळापेक्षा वर असू शकतो. फोन आणि केबलच्या घराकडे येणाऱ्या वायरी तर अनेकदा गवताच्या मुळांखाली काही इंचांवरच पुरलेल्या असतात. त्यात पाइप टाकल्यावर कुणी लॉनची पातळी खरवडून कमी केली असेल, तर मूळ खोलीचा आकडा कागदावरच उरतो.

आणखी एक गैरसमज : ‘आमच्याच लॉनमध्ये तर खणतोय.’ रस्त्याच्या हक्काची जागा डांबराबरोबर संपत नाही. समजा प्लॅटवर, म्हणजे प्लॉटच्या नोंदणीकृत नकाशावर, रस्त्याची रुंदी ५० फूट दाखवली आहे आणि प्रत्यक्ष डांबर २८ फूट आहे. तर दोन्ही बाजूंना ११-११ फूट पट्टी रस्त्याच्या हक्काची. गवत तुम्ही कापता, पण तिथे लाइनी टाकण्याचा अधिकार इतरांना आहे. तुमच्या घराचा नकाशा काउंटीच्या नोंदणी कार्यालयात मिळतो; एकदा पाहून ठेवा.

आता मुदत. ८११ हा क्रमांक देशभर एकच (२००७ च्या मे महिन्यापासून) आणि घरमालकाला सेवा फुकट आहे, पण किती दिवस आधी कळवायचं हे प्रत्येक राज्याचं वेगळं. न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनियात ३ ते १० कामाचे दिवस आधी. न्यूयॉर्कमध्ये २ ते १०. कॅलिफोर्नियात कळवल्याचा दिवस सोडून किमान २ कामाचे दिवस. टेक्सासमध्ये किमान ४८ तास. शनिवार, रविवार आणि सुट्ट्या यात धरत नाहीत. गुरुवारी फोन करून शनिवारी फावडं हातात घ्यायचा बेत म्हणूनच फसतो. तुम्हाला मिळणाऱ्या टिकिटावर, म्हणजे ८११ कडच्या नोंदीच्या पावतीवर, काम सुरू करण्याची तारीख आणि वेळ छापलेली असते, तीच खरी धरा.

बर्फाच्या ट्रकने मोडलेल्या खांबाची भरपाई हा वेगळा विषय. पुष्कळ गावांचा रिवाज असा की, ट्रकचं पातं थेट लागलं असेल तर एक साधा खांब आणि पेटी मिळते. फेकल्या गेलेल्या बर्फाच्या वजनाने मोडली असेल तर मिळत नाही. मोडलेल्या जागेचे आणि पात्याच्या खुणेचे फोटो बर्फ वितळण्याआधी काढलेले बरे.

प्रश्न : ८११ वर नेमकं काय सांगायचं? आणि समोरून ‘ठीक आहे’ असं उत्तर मिळालं की काम सुरू करायचं का?

फोन करा किंवा तुमच्या राज्याच्या ८११ केंद्राच्या संकेतस्थळावर अर्ज भरा. घरचा पत्ता, जवळच्या आडव्या रस्त्याचं नाव, काम कसलं, खड्डा किती खोल, अवजार हाताचं की यंत्राचं, आणि जागा नेमकी कुठे, एवढं विचारतात. शेवटच्या प्रश्नाला ‘घरासमोर’ हे उत्तर पुरत नाही. ‘रस्त्याकडे तोंड करून उभं राहिल्यावर ड्राइव्हवेच्या डाव्या कडेपासून ४ फूट डावीकडे, कर्बपासून १८ इंच, ५ फूट त्रिज्येचं वर्तुळ’ असं सांगा. जागा मोघम दिली तर एकतर सगळ्या अंगणभर खुणा होतात किंवा हव्या त्या कोपऱ्यात एकही होत नाही.

फोन करण्याआधी त्या जागेवर पांढऱ्या मार्किंग स्प्रेने वर्तुळ काढा किंवा पांढरे झेंडे रोवा. आपल्याकडे पाया आखताना फक्की मारतात तसंच हे. कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांत हे बंधनकारक आहे. इतरत्र नसलं तरी करा.

खुणा करायला ८११ चं केंद्र स्वतः येत नाही. ते तुमचं टिकीट त्या भागातल्या सभासद कंपन्यांना धाडतं आणि कंपन्या आपापली माणसं पाठवतात. म्हणून टिकिटावरची कंपन्यांची यादी जपून ठेवा आणि प्रत्येकीचं उत्तर आलं का ते ताडून पाहा. उत्तर दोन तऱ्हेचं : ‘खुणा केल्या’ किंवा ‘आमची लाइन तिथे नाही’. पाच नावं आणि चारच उत्तरं असतील तर पाचव्याची वाट पाहा किंवा पुन्हा फोन लावा. खुणा दिसल्या म्हणजे सगळ्यांच्या झाल्या, असं समजून खणायला घेणं ही सर्रास होणारी चूक.

टिकिटालाही मुदत असते. कॅलिफोर्नियात २८ दिवस. तोवर काम झालं नाही तर नव्याने कळवावं लागतं. आणि खोदकाम कंत्राटदार करणार असेल तर टिकीट त्याने त्याच्या नावावर काढायचं. ‘तुम्ही काढलंय ना, मग झालं’ असं म्हणणाऱ्याला काम देऊ नका.

प्रश्न : लॉनवर पिवळ्या, केशरी आणि निळ्या रेघा मारून गेलेत. निळी रेघ आमच्या जागेपासून फूटभर अंतरावर आहे. आता खणायचं कसं?

आधी रंग. लाल म्हणजे वीज. पिवळा म्हणजे गॅस, तेल, वाफ. केशरी म्हणजे फोन, केबल, फायबर. निळा पिण्याच्या पाण्याचा, जांभळा पुनर्वापराच्या पाण्याचा किंवा सिंचनाचा, हिरवा सांडपाण्याचा. गुलाबी रंग मोजणीवाल्यांचा तात्पुरता, आणि पांढरा तुमचा स्वतःचा.

रेघ म्हणजे पाइप नव्हे, अंदाज. लोकेटर यंत्र लाइनवर सिग्नल सोडून त्याचं चुंबकीय क्षेत्र वरून हुडकतं. लोखंडी पाइप सिग्नल स्वतः वाहून नेतो. प्लास्टिकचा नेत नाही, म्हणून त्याच्या जोडीने तांब्याची ट्रेसर वायर पुरतात. ती कुठे तुटली असेल तर खूण भलतीकडे जाते. दोन लाइनी जवळजवळ असतील तर एकीचा सिग्नल दुसरीवर चढतो आणि रेघ सरकते. म्हणून कायद्यात दोन्ही बाजूंना सोडायचं अंतर आखून दिलं आहे : पेनसिल्व्हेनियात १८ इंच, न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्नियात २४ इंच. हे अंतर पाइपच्या बाहेरच्या कडेपासून मोजायचं. तुमची जागा फूटभरच लांब असल्यामुळे कुठल्याही हिशेबाने या पट्ट्यात येते. म्हणजे यंत्राचा ऑगर (खड्डा पाडणारा मोठा गिरमिट) बंद, फक्त हाताने खणायचं.

हातानेही सगळी अवजारं चालत नाहीत. पहार आणि टिकाव नको. दोन जबड्यांचं खड्डा काढायचं अवजार वरून आपटत सोडतात. त्याची धार केबल सहज कापते, म्हणून लाइनच्या शेजारी तेही नको. गोल कडेचं बोथट फावडं घ्या, लाकडी किंवा फायबरग्लासच्या दांड्याचं. लाइनच्या बाजूने, तिला समांतर खणा आणि तिरकस माती सोडवत तिच्याकडे सरका. फावड्यावर उडी मारून जोर देऊ नका. माती एकाएकी वाळूसारखी स्वच्छ लागली किंवा रंगीत प्लास्टिकची पट्टी दिसली तर थांबा, खाली काहीतरी मुद्दाम पुरलं आहे. लाइन डोळ्यांना दिसेपर्यंत तिच्या जागेबद्दल काही गृहीत धरू नका. खोली किती, हे खुणा करणारा सांगत नाही. गप्पांच्या ओघात सांगितलीच तरी त्यावर विसंबू नका.

झेंडे काम संपेपर्यंत काढू नका. खणण्याआधी सगळ्या खुणांचे फोटो घ्या, चौकटीत कर्ब किंवा ड्राइव्हवेसारखी पक्की वस्तू येईल असे. पुढे वाद झाला तर ‘रेघ कुठे होती’ याचा पुरावा तोच, कारण लॉनमोवर दोन फेऱ्यांत रेघ पुसून टाकतो.

प्रश्न : ८११ च्या खुणा पाळूनही आमच्या स्प्रिंकलरचा पाइप फुटला. भरपाई कोण देणार? (टेक्सास)

कुणी नाही. कंपन्या फक्त त्यांच्या मालकीच्या लाइनी दाखवतात, आणि ती मालकी साधारणपणे मीटरपाशी संपते. त्यापुढचं सगळं तुमचं : स्प्रिंकलर, कुत्र्यासाठीचं अदृश्य कुंपण, सुट्या गॅरेजकडे जाणारी वीज, मागच्या अंगणातल्या ग्रिलकडे किंवा पूलच्या हीटरकडे गेलेला गॅस, प्रोपेनच्या टाकीपासून घरापर्यंतची नळी, सेप्टिकच्या नळ्या. घरापासून मुख्य गटारापर्यंतची सांडपाण्याची नळीही पुष्कळ ठिकाणी घरमालकाचीच असते आणि तिच्यावर हिरवी रेघ येत नाही.

स्प्रिंकलरसाठी सोपा उपाय : एकेक झोन चालू करून प्रत्येक तोंडाशी छोटा झेंडा रोवा. दोन तोंडांना जोडणारी सरळ रेघ म्हणजे बहुधा पाइप. व्हॉल्व्हच्या पेटीकडे जाणारा जाड पाइप मात्र वेगळा शोधावा लागतो. गॅस किंवा वीज मीटरपुढे जमिनीखालून गेली असेल तर खासगी लोकेटर, म्हणजे लाइनी शोधून देणारा माणूस, बोलवा. त्याचे पैसे पडतात, पण मागच्या मालकाने गॅरेजकडे वायर कुठून नेली हे आठवणारं कुणी उरलेलं नसतं. घरगुती विजेच्या नियमांत पीव्हीसी पाइपातली वायर १८ इंचांवर चालते, आणि संरक्षक ब्रेकर असलेली १२० व्होल्टची २० अँपिअरपर्यंतची शाखा तर १२ इंचांवर. बागेतल्या कमी व्होल्टच्या दिव्यांच्या वायरीला ६ इंच पुरतात. मागच्या मालकाने स्वतःच्या हाताने टाकली असेल तर तेवढीही खोली धरू नका.

याच्याच जोडीला एक गोष्ट, जी पुष्कळांना ठाऊक नसते. आडवं भोक पाडून गॅसचा प्लास्टिक पाइप नेताना तो कधीकधी सांडपाण्याच्या नळीतून आरपार जातो. वर्षानुवर्षं कळत नाही. मग नळी तुंबते, कुणी कापणारा स्प्रिंग फिरवतो, आणि गॅस थेट घरात येतो. रस्त्याकडच्या बाजूला नळी तुंबली असेल तर स्प्रिंग घालण्याआधी गॅस कंपनीला कळवा; अनेक कंपन्या हे फुकट तपासून देतात.

प्रश्न : पोस्टमनने चिठ्ठी ठेवली, पेटी फार उंच आहे म्हणून. आम्ही तर मोजून ४४ इंचांवर लावली!

मोजलीत कुठून? गवतापासून मोजली असणार. नियम आहे रस्त्याच्या पृष्ठभागापासून पेटीच्या तळापर्यंत ४१ ते ४५ इंचांचा. कुलुपाच्या पेटीत टपाल वरच्या फटीतून आत जात असेल, तर ती फट या उंचीवर यायला हवी. कर्ब ६ इंचांचा असेल तर तुमची पेटी रस्त्यापासून ५० इंचांवर गेली, आणि गाडीत बसून हात पुढे करणाऱ्याला ती खांद्याच्या वर लागते.

बरोबर हिशेब असा : रस्त्यापासून ४३ इंच धरा, म्हणजे दोन्हीकडे २ इंच सूट राहते. त्यातून कर्बचे ६ इंच वजा, पेटीखालच्या पाऊण इंची फळीचे पाऊण वजा. उरले सव्वाछत्तीस इंच. एवढा खांब जमिनीवर हवा. जमिनीत २४. एकूण सव्वासाठ. म्हणजे ५ फुटांचा तयार तुकडा घेतलात तरी पाव इंच कमी पडेल, आणि ते चालतं. कर्बमागे लॉनला चढ असेल तर खांबाच्या जागी रस्त्यापेक्षा जमीन किती उंच आहे ते लांब फळी आणि पाणसळ लावून मोजा. डोळ्याने पाहिलं की चढ नेहमी कमी वाटतो.

खांब ४ बाय ४ चा लाकडी (प्रत्यक्षात तो साडेतीन इंचच भरतो) किंवा २ इंच व्यासाचा पोलादी वा अॅल्युमिनियमचा पाइप. जमिनीत २४ इंचांपेक्षा जास्त नको. हे ‘किमान’ नसून ‘कमाल’ आहे, आणि कारण साधं : घसरलेली गाडी आदळली तर खांबाने मोडून पडायचं आहे, गाडीने नव्हे. लाकूड ‘जमिनीत चालेल’ असा शिक्का असलेलं, औषध मुरवलेलं घ्या. कापलेलं टोक वर ठेवा आणि कारखान्यातून आलेलं खाली. औषध पृष्ठभागापासून थोडंच आत मुरतं आणि कापलेलं टोक उघडं पडतं.

नवी पेटी घेताना तिच्यावर पोस्टमास्टर जनरलच्या मंजुरीचा मजकूर आहे का पाहा. घरी बनवली असेल तर स्थानिक पोस्टमास्टरना दाखवून मंजूर करून घ्यावी लागते. घराचा क्रमांक किमान १ इंच उंचीच्या आकड्यांत, पोस्टमन ज्या बाजूने येतो तिकडून दिसेल असा. पेटी घराच्या रस्त्याऐवजी दुसऱ्याच रस्त्यावर असेल तर रस्त्याच्या नावासह पूर्ण पत्ता लिहा. कुलुपाच्या पेटीची फट किमान पावणेदोन इंच उंच आणि १० इंच रुंद हवी. रस्त्याला कर्बच नसेल तर ६-८ इंच कुठून मोजायचे हे पोस्टमास्टरना विचारूनच खड्डा घ्या. तिथे नियमाचा अर्थ स्वतः लावण्यात हशील नाही.

प्रश्न : खांब काँक्रीटमध्ये बसवावा का? शेजाऱ्यांनी विटांचा चौथरा बांधून पेटी आत बसवली आहे, ती चांगली मजबूत दिसते.

मजबूत दिसते हाच तिचा दोष. टपालखातं न वाकणारे आधार टाळायला सांगतं : जाड लोखंडी पाइप, काँक्रीटचे खांब, काँक्रीट भरलेले दुधाचे कॅन. राज्य महामार्गाच्या हद्दीत विटांचे चौथरे अनेक ठिकाणी सरळ मनाई आहेत आणि महामार्ग खातं ते काढायला लावू शकतं. आतल्या वसाहतीत एचओए परवानगी देतं म्हणून ते उभे राहतात; पण चौथऱ्याला पाया लागतो, पाया म्हणजे रुंद खड्डा, आणि तो नेमका लाइनींच्या पट्टीत. उद्या पाण्याची लाइन दुरुस्त करायला कंपनी आली तर चौथरा पाडेल आणि पुन्हा बांधून देईलच असं नाही.

काँक्रीटचं म्हणाल तर ८ इंच रुंद आणि २४ इंच खोल खड्ड्यात खांब सोडून अर्धा घनफूट जागा उरते. ५० पाउंडांच्या साधारण दीड पिशव्या लागतात. आमचं मत : ओतू नका. खाली ४ इंच खडी टाका, त्यावर खांब उभा करा, दोन बाजूंनी पाणसळ लावा आणि दर ४-५ इंचांनी माती धुमसत या. धुमसायला फावड्याच्या दांड्याचं टोक पुरतं. एकदम सगळी माती लोटून वरून पायाने दाबलीत तर पहिल्या पावसात खांब कलंडेल. खडीचे ४ इंच धरून खड्डा २८ इंच होतो, हे ८११ ला खोली सांगताना विसरू नका. काँक्रीट ओतायचंच असेल तर तळाशी लाइन उघडी पडलेली नाही याची खात्री करा. केबल काँक्रीटमध्ये गाडली गेली की पुढे दुरुस्ती म्हणजे फोडाफोडी. आणि थंड प्रदेशात तोंडाशी काँक्रीट छत्रीसारखं पसरू देऊ नका. जमीन गोठून फुगते ती त्या छत्रीला खालून उचलते आणि दर हिवाळ्यात खांब वर सरकतो.

प्रश्न : केशरी रेघ बरोबर आमच्या खांबाच्या जागेवरून जाते. दोन फूट बाजूला सरकलो तरी तीच रेघ! काय करावं?

रेघ रस्त्याला समांतर आहे की आडवी, ते आधी पाहा. रस्त्याकडून घराकडे जाणारी आडवी रेघ असेल तर ती एकट्या तुमच्या घराची वायर. खांब डावीकडे किंवा उजवीकडे ३ फूट सरकवला की प्रश्न मिटतो. तुमची मात्र कर्बला समांतर आहे, त्यामुळे रस्त्याच्या कडेने कितीही चाललात तरी ती सोबत येणार. इथे खांब मागे घ्यायचा आणि हात लांब करायचा.

समजा रेघ कर्बपासून १८ इंचांवर आहे. २४ इंच सोडून खांब ४२ इंचांवर घेतला आणि पेटीचं दार ७ इंचांवर ठेवलं, तर खांबापासून दारापर्यंत ३५ इंचांचा हात लागतो. ४ बाय ४ चाच आडवा तुकडा, खाली ४५ अंशांत तिरका टेकू आणि पाऊण इंच खाच करून आरपार बोल्ट. नुसत्या स्क्रूवर हा हात वर्षभरात मान टाकतो. बर्फाच्या भागात या रचनेचा फायदाही होतो : सारणारं पातं पेटीखालून जातं आणि खांबाला लागत नाही. कर्ब आणि फुटपाथ यांच्यामधली पट्टी अरुंद असेल तर मात्र खांब फुटपाथमध्ये जाईल. तो मार्ग बंद.

मग दुसरा पर्याय, शेजाऱ्याबरोबर एकाच आधारावर दोन पेट्या. टपालखात्याची याला हरकत नसते, पण जागा बदलतेय म्हणून आधी पोस्ट ऑफिसला विचारा. तिसरा, पट्टीत हाताने खणून लाइन उघडी करायची आणि ती नेमकी कुठे आहे ते पाहून खांब तिच्यापासून दूर बसवायचा. कायद्याने हे चालतं, धीर हवा.

एक पर्याय मात्र मनातून काढून टाका : घणाने ठोकायचा पोलादी खिळ्यासारखा आधार. ‘खड्डा नको’ म्हणून तो विकला जातो, पण दोन फुटांचं टोकदार पातं खाली न बघता ठोकण्यापेक्षा वाईट अवजार या पट्टीत दुसरं नाही. त्यालाही ८११ लागतोच.

प्रश्न : खणताना पिवळ्या प्लास्टिकच्या पाइपला फावडं घासलं. गळती नाही, वासही नाही. माती लोटून दिली तर?

लोटू नका. उघडा ठेवा आणि गॅस कंपनीला कळवा. प्लास्टिकवरची खोच पुढे चिरेत बदलू शकते. लोखंडी पाइपवरचं आवरण खरवडलं गेलं तर तिथून गंज सुरू होतो. शेजारची ट्रेसर वायर तुटली असेल तर पुढच्या माणसाला खूणच मिळणार नाही. आणि फावडं अडकून पाइप ओढला गेला असेल तर गळती तुमच्या खड्ड्यात न होता घराच्या भिंतीपाशी, जोडावर होऊ शकते. वास येत नाही याचा भरवसाही पुरा नाही, कारण मातीतून झिरपताना गॅसमध्ये मिसळलेला वास कमी होऊ शकतो.

गॅस सुटताना ऐकू आला किंवा वास आला तर अवजारं, यंत्र जिथल्या तिथे टाका. चालू यंत्र बंद करायला जाऊ नका, गाडी सुरू करू नका, दिव्याचं बटण दाबू नका. घरातल्यांना बाहेर काढून वाऱ्याच्या वरच्या अंगाला दूर जा आणि तिथून ९११ ला फोन करा, मग गॅस कंपनीला. पाइप मुडपून किंवा चिंधी कोंबून थांबवू नका. प्लास्टिक पाइपातून वेगाने सुटणाऱ्या गॅसमुळे स्थिर वीज साठते आणि ठिणगी पडू शकते. व्हॉल्व्हही कंपनीच्याच माणसाला फिरवू द्या.

प्रश्न : मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमाची पत्रकं शेजारच्या मेलबॉक्समध्ये टाकली तर चालतं ना? पेट्या तर लोकांच्या स्वतःच्याच.

चालत नाही. तिकीट न लावता पत्रक पेटीत टाकणं केंद्रीय कायद्याविरुद्ध आहे आणि दंड होऊ शकतो. पेटी तुम्ही विकत घेतलेली असली तरी ती टपालासाठी राखीव. वर्तमानपत्राची नळी खांबाला लावता येते, पण ती पेटीला टेकता कामा नये आणि पेटीवरचा झेंडा झाकता कामा नये. पत्रकं दाराशी ठेवा.

प्रश्न : आई-वडील इथे एकटे राहतात, पेटी रस्त्यापलीकडे आहे आणि वडिलांना चालवत नाही. पेटी आमच्या बाजूला आणता येईल?

स्वतःहून हलवू नका, टपाल थांबेल. पेटी पोस्टमनच्या गाडीच्या उजव्या हाताला यावी लागते, त्यामुळे त्याचा मार्ग तुमच्या बाजूने येत नसेल तर पोस्टमास्टर नकार देतील. पण तुमच्यासाठी दुसरी वाट आहे : शारीरिक अडचणीमुळे पेटीपर्यंत जाता येत नाही असं डॉक्टरांचं पत्र जोडून दारापर्यंत टपाल पोहोचवण्याची लेखी विनंती स्थानिक पोस्ट ऑफिसात द्या. घरात दुसरं कुणी पेटीपर्यंत जाऊ शकतं का, हे ते विचारतील. दाराशी लावायच्या पेटीला खड्डा लागत नाही, म्हणजे ८११ चीही गरज नाही.